कर्नाळ्याची सहल घरच्यांसह: आदल्या रात्रीपासून परतीच्या एसटीपर्यंत, क्रमाने

आमच्या नेरूळच्या सोसायटीतून दर हिवाळ्यात चार-दोन कुटुंबं कर्नाळ्याला जाऊन येतात आणि सोमवारी लिफ्टमध्ये मला तेच ऐकवतात, "पक्षीबिक्षी काही दिसले नाहीत हो. नुसती माकडं." मी विचारते, किती वाजता पोहोचलात? साडेअकरा. पोहोचल्यावर आधी काय केलं? जेवलो. मग? मग किल्ल्याकडे निघालो, पण अर्ध्यातून परत आलो, उन्हाने पोरं रडायला लागली.

सामान सगळ्यांचं बरं असतं. चुकतो तो क्रम. कर्नाळा हे पनवेलजवळचं पक्षी अभयारण्य आहे, बाग नाही, आणि तिथला दिवस सकाळी साडेसहाला सुरू होऊन दुपारी दोनला संपतो. आपण तो दहाला सुरू करून सहापर्यंत ताणायला बघतो. म्हणून खाली सगळं ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने लिहिलं आहे. ठाणे, ऐरोली, वाशी, खारघर, कुठूनही निघालात तरी क्रम हाच.

१. आधी माणसं मोजा, मग वाट ठरवा

आत गेल्यावर तीन प्रकारे फिरता येतं. फाटकाजवळचा सपाट भाग, त्यानंतर निसर्गवाटा (हरियल आणि मोरटाका अशी त्यांची नावं आहेत) आणि शेवटी किल्ल्याची चढण. बहुतेक घरांत ठरतं ते असं: बाबांना किल्ला चढायचा असतो, म्हणून सगळे किल्ल्याला निघतात. हे उलटं आहे. ज्याला सगळ्यात कमी चालवतं, त्याच्यावरून वाट ठरवायची.

किल्ला समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच आहे. पायथा काही शून्यावर नाही, तरी एक मजला तीन मीटर धरलात तर शंभरेक मजल्यांचा चढ होतो. माझी परीक्षा सोपी आहे. सहलीच्या आधीच्या आठवड्यात लिफ्ट न वापरता सहा मजले चढून उतरायचं, असं तीनदा. ज्याला दुसऱ्या फेरीत जिन्यात बसावं लागलं, त्याच्यासाठी किल्ला नाही. आणि बघायचं ते उतरताना. गुडघे चढताना कुरकुरतात, पण दगा देतात ते उतरताना. माझ्या सासूबाई चढल्या होत्या झकास. उतरताना दर वीस पावलांना बसत होत्या आणि मलाच म्हणत होत्या, "तू हो पुढे, मी येते."

- पाच वर्षांखालचं मूल किंवा गुडघ्याचं दुखणं असलेलं माणूस बरोबर असेल: सपाट भाग आणि हरियलची वाट. एवढ्यात सकाळ छान जाते.
- सहा ते दहा वर्षांची मुलं: निसर्गवाट नक्की, किल्ल्याची वाट अर्ध्यापर्यंत. अर्धं म्हणजे कुठवर, ते आधीच वेळेवर बांधा. 'साडेनऊला जिथे असू तिथून मागे.'
- दहाच्या वरची, चालायची सवय असलेली मुलं: किल्ला जमतो, पण हिवाळ्यात आणि सकाळीच.

दोन गट करायचे असतील तर घरीच करा, फाटकावर नाही. प्रत्येक गटात चालू फोन असलेलं एक मोठं माणूस हवं आणि भेटायची जागा व वेळ दोन्ही ठरलेली हवीत. डोंगरात रेंज असते आणि नसते, 'फोन करू' हा बेत म्हणून चालत नाही.

घरात कोणालाच चढउताराचं चालणं जमणार नसेल तर कर्नाळ्याचा हट्ट सोडा. खारघरचं सेंट्रल पार्क आहे, ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. ऐरोलीला रोहित (फ्लेमिंगो) बघायला बोटीतून जाता येतं, फक्त बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, तेव्हा ते नीट विचारून जा.

२. महिना आणि वार

घरच्यांबरोबरच्या पहिल्या फेरीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी असते, पायवाट घट्ट असते, पाहुणे पक्षी आलेले असतात. मार्चनंतर सकाळी नऊलाच घामाच्या धारा लागतात. एप्रिल-मेमध्ये जायचंच असेल तर फक्त सावलीची निसर्गवाट, आणि दहाला बाहेर.

पावसाळ्याबद्दल लोकांचा घोळ होतो. जून ते सप्टेंबर जंगल सुंदर दिसतं हे खरं, आणि तिबोटी खंड्या (रायगड जिल्ह्याचा पक्षी, मुठीएवढा, जांभळा-नारिंगी) तेव्हाच वीण घालायला येतो. पण तो मातीच्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतो, आणि आपण मोबाइल घेऊन बिळासमोर उभे राहिलो तर तोंडात सरडा धरून तो तसाच फांदीवर ताटकळतो. पिल्लं उपाशी. पावसात गेलात तर घरट्यापाशी थांबायचं नाही, आणि किल्ल्याचं नाव काढायचं नाही. शेवाळलेल्या कातळावर कितीही महागडा बूट घसरतो.

वार शक्यतो शनिवार. रविवारी सकाळ ठीक असते, परतीचा रस्ता नसतो. सलग सुट्ट्यांचे दिवस आणि गणपतीच्या आधीचा आठवडा तर मुळीच नको. तेव्हा पळस्पे फाट्यापासून पुढे अख्खी मुंबई कोकणात निघालेली असते आणि तुमची बारा किलोमीटरची सहल त्या रांगेत अडकते.

तपासा: आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा इशारा बघा. ऑरेंज किंवा रेड असेल तर बेत रद्द. मुलांना रात्रीच सांगा, सकाळी बूट घातल्यावर नाही.

३. आदल्या रात्रीची पिशवी

पिशवी रात्री भरून दाराशी ठेवायची. सकाळी भरायला घेतली की अर्धा तास गेला आणि तो अर्धा तास पक्ष्यांचा असतो.

*पाणी.* मोठ्या माणसाला दोन लिटर, मुलाला किमान एक. वाटेवर पाणी मिळणार नाही. किल्ल्यावरच्या टाक्यांतलं पाणी आहे म्हणून त्यावर विसंबू नका. बाटल्या स्टीलच्या. प्लास्टिकची बाटली नेली तर फाटकावर काय होतं ते पुढे येतंच.

*खाणं.* वेष्टनातलं काहीही तसंच न्यायचं नाही. वेफर्स, बिस्किटं, फरसाण घरीच डब्यात ओता आणि पाकिटं घरच्या कचऱ्यात टाका. चालताना खायला दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चिक्की, खजूर. ज्याला वास नाही आणि जे दोन घासांत संपतं तेच चालताना बरं. केळी नकोत. केळं हे फळ नसून माकडांना पाठवलेलं आमंत्रण आहे.

*कपडे.* मळखाऊ रंग: खाकी, शेवाळी, करडा, तपकिरी. पांढराशुभ्र झब्बा आणि लालभडक टी-शर्ट फोटोत छान दिसतो, आणि तो पक्ष्यांनाही दुरूनच दिसतो. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, मोजे पोटरीपर्यंत. मुलींना आणि बायकांना सांगते, ओढणी नको, फांद्यांत अडकते. चपला नकोत, नवे बूटही नकोत. आठवडाभर घालून मऊ झालेले बूट हवेत. अत्तर, सेंट, वासाचं तेल काही लावायचं नाही. त्याचं कारण किल्ल्याच्या टप्प्यात सांगते.

*औषधं.* स्वतःच्या रोजच्या गोळ्या, क्रेप बँडेज, जलसंजीवनीची दोन पाकिटं, चिकटपट्ट्या, डासांचं मलम, ॲलर्जीची गोळी (कोणाला कोणती चालते ते डॉक्टरांना आधीच विचारून), साबणाची छोटी वडी. साबण का, असं सगळे विचारतात. माकडाने ओरबाडलं तर पहिला उपाय तोच असतो.

*दुर्बीण.* असेल तर ८×४० (आठपट जवळ दाखवणारी) किंवा तशीच. नसेल तर सोसायटीत विचारा, कोणाच्या तरी कपाटात क्रिकेटच्या मॅचसाठी घेतलेली निघतेच. मुलांना ती घरीच खिडकीतून कावळ्यावर वापरायला शिकवा. जंगलात शिकवायला गेलात तर तुम्ही 'आधी डोळ्याने बघ, मग दुर्बीण उचल' म्हणेपर्यंत पक्षी पेणला पोहोचलेला असतो.

*काय न्यायचं नाही.* ब्लूटूथ स्पीकर, बॅडमिंटनच्या रॅकेट, पत्ते, फुगे, काडेपेटी, सिगारेट, दारू, ड्रोन, पाळीव कुत्रा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येणारं अभयारण्य आहे हे, इथे विस्तव करणं, प्राण्यांना छेडणं, काही तोडून नेणं हा गुन्हा होतो. फूल, पीस, सापाची कात, काहीही घरी आणायचं नाही.

सावध: सामान पाठीवरच्या सॅकमध्ये, चेन पूर्ण लावून. हातात लोंबणारी पिशवी एकही नको. आमच्या दुसऱ्या फेरीत धाकट्याच्या हातात शंकरपाळ्यांची कापडी पिशवी होती. एक माकड मागून आलं, पिशवीचा बंद धरला, आणि पोरगंही सोडेना. दोघे समोरासमोर, दोघांचे दात दिसत होते. शेवटी मी ओरडले, "सोड रे, शंकरपाळे परत करीन!" नशीब, नख लागलं नाही.

४. निघणं आणि पोहोचणं

लक्ष्य: सातच्या आत फाटकावर.

गाडीने नवी मुंबईकरांना सायन-पनवेल महामार्ग, कळंबोली, पनवेल, मग पळस्पे फाट्यावरून मुंबई-गोवा महामार्ग. पनवेलपासून कर्नाळा साधारण बारा किलोमीटर. शिरढोण ओलांडलं की सावध व्हा. खिंडीचा चढ सुरू होतो, दोन्ही बाजूंनी झाडी येते आणि फाटक रस्त्यालगतच आहे. गप्पांत पुढे निघून गेलात तर तारा गावाला पोहोचता. तिथून मागे वळायचं तर योग्य जागा बघूनच वळा. महामार्गावर रिव्हर्स घेणारी माणसं मी पाहिली आहेत.

लोकल आणि एसटीनेही उत्तम जमतं, चार माणसांच्या घराला मी तेच सुचवते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची थेट पनवेल लोकल, नवी मुंबईतून हार्बर. पनवेल स्टेशनवरून रिक्षाने एसटी स्टँड. तिथून पेण, अलिबाग, रोह्याच्या दिशेची साधी गाडी. चढण्याआधी कंडक्टरला विचारा, "कर्नाळा अभयारण्याला थांबणार ना?" विनाथांबा गाडीत बसलात तर सकाळचा चहा पेणला.

एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं. ज्येष्ठांचं ओळखपत्र मूळ घ्या, फोनमधल्या फोटोवरून कंडक्टरशी वाद घालत बसू नका. मागे माणसं उभी असतात.

नाश्ता पनवेलच्या आधी उरका किंवा घरूनच खाऊन निघा. 'वाटेत मिसळ खाऊ' या एका वाक्याने जेवढ्या सहली उशिरा पोहोचल्या तेवढ्या वाहतूक कोंडीनेही पोहोचल्या नसतील. मिसळ तिखट, मग ताक, मग चहा, मग कोणाला तरी जायचं असतं, आणि घड्याळात साडेनऊ.

सावध: एसटीने गेलात तर एका फेरीत तरी महामार्ग ओलांडावा लागतो. वळणावर वेगाने ट्रेलर येतात. मुलाचं मनगट धरा, बोटं नाही.

५. फाटकावरची मोजणी

इथे गडबड होते, म्हणून सविस्तर सांगते. तिकीट काढलं की सामान तपासतात. प्लास्टिकच्या बाटल्या, पाकिटं, पिशव्या मोजतात, लिहून घेतात आणि अनामत रक्कम घेतात. परत येताना तेवढ्या वस्तू दाखवल्या की पैसे परत. एक बाटली कमी भरली की गेले.

लोक याला कटकट म्हणतात. मला विचाराल तर अख्ख्या सहलीतली ही सगळ्यात शहाणी पाच मिनिटं. आणि ती पाचच राहावीत म्हणून:

- सगळ्यांचं प्लास्टिक एकाच सॅकमध्ये, वरच्या कप्प्यात. प्रत्येकाची सॅक उपसायला लावू नका.
- औषधांच्या पट्ट्या, ओल्या टिश्यूचं पाकीट, मुलाच्या डायपरची पिशवी, हेही प्लास्टिकच. लपवू नका, मोजून घ्या.
- सुटे रोख पैसे ठेवा. रेंज गेली की फोनवरचे पैसे फोनवरच राहतात.
- पावती एकाच माणसाकडे, आणि ते माणूस किल्ल्यावर जाणाऱ्या गटातलं नको.

याच वेळी तीन गोष्टी विचारून घ्या. आज कोणती वाट बंद आहे? बाहेर पडायची शेवटची वेळ काय? किल्ल्याच्या वाटेवर मधमाश्या उठल्याचं काही ऐकलंय का? वनरक्षक किंवा वाटाड्या मुलगा जे सांगेल ते ऐका. 'आम्ही दरवर्षी येतो' हे वाक्य तिथे चालत नाही, मीही एकदा वापरून बघितलंय.

आणि जेवण. फाटकाजवळ बचत गटाच्या बायका भाकरी-भाजीचं जेवण करून देतात. आत जातानाच किती ताटं, किती वाजता ते सांगून ठेवा. परत आल्यावर सांगितलंत तर चूल पेटण्यापासून वाट बघावी लागेल, तेवढ्यात पोरं माकडांना दगड मारायला लागतात.

तपासा: शौचालय फाटकाजवळच आहे. 'मला आत्ता नाही लागली' म्हणणाऱ्या मुलालाही पाठवा.

६. पहिले दोन तास: चालायचं कमी, थांबायचं जास्त

आता सात वाजलेत. खायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, निसर्गवाटेला लागायचं.

कर्नाळ्यात दीडशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. पण दाट झाडी आहे, भिगवणच्या पाण्यावरचे पक्षी नव्हेत हे, रांगेत उभे राहून दिसणार नाहीत. इथे आधी कान, मग डोळे. म्हणून पहिला नियम: शंभर पावलं चाला, मग दोन मिनिटं पूर्ण गप्प उभं राहा. मुलांना 'गप्प बसा' म्हणून जमत नाही, त्यांना काम द्या. डोळे मिटून किती वेगळे आवाज ऐकू आले ते बोटांवर मोजायचे. माझी मुलगी पहिल्यांदा तीनवर अडकली, त्यातला एक महामार्गावरचा हॉर्न. परत निघेपर्यंत नऊवर गेली.

ओळखायला सोपे असे चारच पक्षी घेऊन जा. चाळीस चित्रांचा तक्ता नको.

भृंगराज. काळा कोतवाल, पण शेपटीतून दोन लांब तारा निघतात आणि टोकाला पिसाचा तुकडा. उडताना तार दिसत नाही, नुसते दोन काळे ठिपके पाठलाग करताना दिसतात, जणू दोन भुंगे मागे लागलेत. तो दुसऱ्यांचे आवाज काढतो. एकाच झाडातून चार पक्षी बोलतायत असं वाटलं तर बहुधा हा एकटाच असतो.

शीळकरी कस्तूर. शीळ घालायला नुकत्याच शिकलेल्या पोरासारखा. सूर लागतो, भरकटतो, परत लागतो. ओढ्याच्या बाजूला, पहाटेला. पावसाळ्यात जास्त.

हरियल. महाराष्ट्राचा राज्यपक्षी, हिरवट-पिवळा, पाय पिवळे. वड-उंबराच्या पिकल्या फळांवर थवा असतो आणि तरी दिसत नाही, पानात पान होऊन बसतो. फळं टपटप पडत असतील तर वर बघा.

स्वर्गीय नर्तक. नर पांढरा, शेपटी रिबिनीसारखी लांब. हा दिसला की मुलं किंचाळतात. किंचाळू द्या एकदा, दुसऱ्यांदा नाही.

नेहमीच्या चुका इथल्याच. बोट दाखवून "तो बघ, तो बघ" ओरडणं. हात वर गेला की पक्षी गेला. त्याऐवजी घड्याळाच्या भाषेत हळू सांगा: "समोरच्या उंबरावर, दोन वाजता," म्हणजे झाड हे घड्याळ धरलं तर दोनचा आकडा येतो तिथे. दुसरी चूक, पक्ष्याच्या आवाजाची फीत मोबाइलवर लावून त्याला बोलावणं. विणीच्या दिवसांत तो दुसरा नर आला समजून घरटं सोडून भांडायला येतो. हे करायचं नाही. तिसरी, वाट सोडून आत शिरणं. पालापाचोळ्यात फुरसं किंवा घोणस असेल तर दिसतच नाही. बसायच्या आधी दगड बघा, हात ठेवायच्या आधी झाड बघा.

साप दिसला तर दहा पावलं मागे आणि त्याला जाऊ द्या. चावलाच तर दागिने-घड्याळ काढा, अवयव हलू देऊ नका, कापणं, चोखणं, करकचून बांधणं काही नको. १०८ ला फोन करा आणि माणसाला चालायला न लावता फाटकाकडे आणा. वनविभागाची मदतवाहिनी १९२६ आहे, तोही नंबर फोनमध्ये घालून ठेवा.

७. किल्ला, ठरलेल्यांनीच

निसर्गवाट करून मग अख्खा किल्ला असा क्रम हिवाळ्यातही पोरांना झेपत नाही. किल्ला करायचा गट सातला थेट चढायला लागतो आणि पक्षी वाटेवर जे दिसतील ते बघतो. चढायला घरच्यांबरोबर दोन-अडीच तास धरा, उतरायला त्याहून फार कमी नाही.

वाट मळलेली आहे, तरी ढोरवाटा फुटतात. फाट्यावर सगळे एकत्र येईपर्यंत पुढच्याने थांबायचं. सगळ्यात सावकाश माणूस मधे, सगळ्यात अनुभवी शेवटी. आम्ही उलट करतो, अनुभवी तरातरा पुढे जातो आणि वर जाऊन हात हलवतो.

वर जो अंगठ्यासारखा सुळका दिसतो, त्याच्या पायथ्याशी कातळात कोरलेली टाकी आणि कोठारं आहेत. तिथवरच जायचं. सुळक्यावर चढणं हे दोरखंडवाल्या गिर्यारोहकांचं काम. आणि त्याच कातळाच्या कपारींत आग्या मोहोळं असतात. अत्तर नको म्हणाले ते यासाठी. तिथे ओरडणं, शिट्ट्या, धूर, दगड फेकणं, काहीही नको. माश्यांच्या हल्ल्यात इथे माणसं जखमी झाली आहेत, जीवही गेला आहे.

माश्या उठल्याच तर: हात झाडू नका, जमिनीवर आडवं पडून राहू नका, टाक्यात उडी मारू नका. कापडाने तोंड-मान झाकून आलेल्या वाटेने, दरी सांभाळून, झाडीत लांब जात राहा. काटे नखाने खरवडून काढा. श्वास लागला, ओठ सुजले, चक्कर आली किंवा खूप डंख असले तर थेट दवाखाना, घरगुती काही नाही.

तपासा: साडेनऊ वाजले आणि सुळका अजून दूर आहे? मागे फिरा. निम्मं पाणी संपलं? तरीही मागे फिरा, वाट कितीही थोडी राहिली असली तरी.

८. जेवण आणि माकडं

अकराच्या सुमारास सगळे फाटकाजवळ. आता जेवा. सांगून ठेवलेली ताटं असतील तर प्रश्नच नाही. डबे असतील तर मोकळ्या जागी, भिंतीला पाठ करून बसा, झाडाखाली नाही. एकाच वेळी एकच डबा उघडा. एका मोठ्याने न जेवता राखण करायची, मग बदली.

माकड जवळ आलं तर डोळ्यांत बघू नका, हसून दात दाखवू नका (ते त्याला धमकी समजतं), पळू नका. डबा बंद करून सावकाश उठा. पोळीचा तुकडा टाकून 'जा' म्हणणाऱ्या आजोबांना प्रेमाने पण ठाम थांबवा. त्या तुकड्यामुळेच पुढच्या रविवारी दुसऱ्या कोणाचं तरी पोर ओरबाडलं जातं. चावलं किंवा नख लागून रक्त आलं तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. हळद, चुना, मिरचीपूड काही भरू नका.

संत्र्याच्या साली, अंड्याची टरफलं, 'कुजतं ते' सुद्धा डब्यात भरून परत. कुजतं खरं, पण त्याआधी माकड खातं.

९. दोनच्या आत बाहेर

जेवण झालं की वामकुक्षीचा मोह होतो. चटई पसरली की चार वाजतात. आणि चारनंतर, विशेषतः रविवारी, अलिबाग-कोकणातून परतणाऱ्या गाड्या पनवेलच्या दिशेने भरभरून येतात. एसटीही तोपर्यंत उभ्या माणसांनी भरलेली असते आणि हात दाखवून थांबेलच असं नाही.

निघताना तीन मोजण्या करा: माणसं, बाटल्या, सॅक. मग पावती दाखवून अनामत परत घ्या. आमच्याकडे एकदा पैसे परत मिळाले आणि दुर्बीण बाकड्यावर राहिली. पळस्प्यापर्यंत जाऊन मागे आलो. ती बचत गटातल्या मावशींनी चुलीमागे उचलून ठेवली होती, माकडांच्या भीतीने.

घरी आल्यावर बूट दाराबाहेर, कपडे थेट बादलीत. आंघोळीच्या वेळी मुलांच्या कानामागे, काखेत, गुडघ्याच्या मागे, कमरपट्ट्याखाली बघा, विशेषतः पावसाळ्यानंतर गवत वाढलेलं असतं तेव्हा. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढा, पिळू नका. रॉकेल, पेटती उदबत्ती, तेल असले प्रयोग करू नका. जागा साबणाने धुवा, तारीख लिहून ठेवा आणि पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीचं आठवणीने सांगा.